नऊची फेरी

आमच्या कारखान्यात लीन, म्हणजे वाया जाणारं काम आणि माल कमी करायची पद्धत, तीनदा आलं. पहिल्या दोन वेळा आलं तसं निघूनही गेलं.

चाकणच्या ज्या मोठ्या कंपनीला आम्ही माल देतो, तिने पहिल्यांदा सगळ्या पुरवठादारांना फर्मान काढलं. एक सल्लागार आले. त्यांनी भोसरीच्या आमच्या शेडमध्ये जमिनीवर पिवळे पट्टे मारून घेतले, कुठली वस्तू कुठे राहील ते ठरवून दिलं आणि प्रमाणपत्र देऊन गेले. चार-सहा महिने सगळं पट्ट्यांच्या आत होतं. मग कुणीतरी भंगाराचा एक क्रेट पट्ट्यावर ठेवला, फक्त आजच्या दिवस म्हणून. तो दिवाळीपर्यंत तिथेच होता. दुसऱ्यांदा दुसरे सल्लागार आले आणि भिंतींवर फळे लागले. दर तासाला किती नग झाले, काय अडलं, ते तिथे लिहायचं. वर्षाच्या आत मी एका फळ्यावर अख्ख्या आठवड्याचे आकडे पाहिले, एकाच हाताने, एकाच बैठकीत लिहिलेले. 'काय अडलं' या रकान्यात रोज 'निरंक'.

दोन्ही वेळा मी क्वालिटीत होते, आणि दोन्ही वेळा एकच गोष्ट पाहिली. आप्पा उद्घाटनाला आले, त्यांनी नारळ फोडला, आणि ते जिना चढून केबिनमध्ये गेले.

आप्पा म्हणजे मालक. सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून टर्नर म्हणून पिंपरीत आले होते. मग भाड्याच्या गाळ्यात पत्रा दाबून कापणारी एक प्रेस, मग तीन, मग ही शेड. दुचाकीच्या सीटखाली जे लोखंडी ब्रॅकेट बसतात ते आम्ही करतो. पत्रा कापायचा, वाकवायचा, वेल्डिंग करायचं. गिऱ्हाइकाला दिसत नाहीत, पण ते नसले तर सीट हातात येईल. मी तिथे लागले तेव्हा माझं लग्नही झालेलं नव्हतं. आता मुलगा नोकरीला आहे. आप्पा मला चारचौघांत मॅडम म्हणत आणि केबिनमध्ये तू.

तिसऱ्यांदा फर्मान आलं तेव्हा कारखाना चालवायचं काम माझ्याकडे होतं. मी वर गेले.

"लीन मी करते," मी म्हणाले. "पण रोज सकाळी नऊ वाजता अर्धा तास तुम्ही खाली पाहिजे. फोन वर ठेवून."

"मी कशाला? मग तुला कशाला ठेवलंय?"

"मी फिरले तर लोकांना वाटतं तपासणी आहे. तुम्ही फिरलात तर कळेल की हे खरं आहे."

"खाली येऊन करायचं काय?"

"प्रत्येक मशीनपाशी जायचं. काय अडतंय ते विचारायचं. ओरडायचं नाही."

त्यांनी बराच वेळ टेबलावरच्या काचेखालचे फोटो बघितले. "हे शेवटचं अवघड आहे," ते म्हणाले.

"म्हणूनच अट घातली. तुम्ही फेरी बंद केलीत की त्या दिवशी फळे मीच उतरवीन. तिसऱ्यांदा नाटक नको."

त्यांचा आवाज तेव्हा शेडच्या दुसऱ्या टोकाला प्रेस चालू असतानाही ऐकू येत असे. त्यांनी उपाय काढला. खाली उतरताना तोंडात एक लवंग टाकायचे, आणि राग आला की ती चावायचे. आठवड्याभरात सगळ्यांना कळलं. वेल्डिंगवर कुजबुज चालायची, "आज दोन लवंगा झाल्या राव, तिकडं जाऊ नका."

पहिले काही दिवस कुणी काही बोललं नाही. 'काय अडतंय?' 'काही नाही, आप्पा.' स्पॉट वेल्डिंगवर एक बाई होती, चाळिशीची, कमी बोलणारी. तिलाही रोज विचारायचे. एक दिवस ती म्हणाली, "कंबर."

"काय कंबर?"

"क्रेट खाली असतो. प्रत्येक नगाला वाकायला लागतं. रात्री पाठ टेकवत नाही."

आप्पांनी तिच्या जागी उभं राहून दहा नग स्वतः उचलले. अकराव्याला ते सरळ झाले ते कमरेवर हात ठेवून. दुसऱ्या दिवशी भंगारातल्या अँगलचा एक घोडा करून क्रेट त्यावर चढला. खर्च म्हणाल तर वेल्डिंगच्या दोन-चार कांड्यांचा. त्यानंतर लोक बोलायला लागले, आणि मग थांबेचनात.

लीनवर जाडजूड पुस्तकं आहेत. मी त्यातली थोडी वाचली आहेत. माझ्यापुरतं मला एवढं कळलं, की जो माणूस दिवसभर काम करतो त्याला काय खुपतंय ते माहीत असतं, आणि ज्याच्या हातात ते काढणं असतं तो वर बसलेला असतो. मधला जिना रोज कुणीतरी उतरायला हवा. पट्टे आणि फळे नंतर.

आप्पा चार वर्षं उतरले. मग त्यांचा उजवा गुडघा गेला.

ऑपरेशन झालं. दोन महिने ते घरी होते. या काळात फेरी मी केली, आणि सगळे आप्पांची वाट बघत होते म्हणून ती चाललीही. परत आले तेव्हा हातात काठी होती आणि वजन उतरलं होतं. त्या सकाळी आमचे फोरमन, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांनी वेल्डिंग आणि प्रेस यांच्या मधोमध कॉन्फरन्स रूममधली मोठी खुर्ची आणून ठेवली होती. मामा बीडकडचे. आप्पांच्या पहिल्या प्रेसवरचा पहिला माणूस. खुर्चीवर नवी उशी होती. मामांच्या घरातून शिवून आली होती. शेजारी टेबलफॅन, स्टुलावर पाण्याचा तांब्या.

"बसा आता हितं निवांत," मामा म्हणाले. "तुमी कशाला फिरायचं? लोक येतील की तुमच्यापाशी."

आप्पा बसले. त्यांचे डोळे भरले होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत. उशी जरा वाकडी होती, ती मी सरळ केली. हे सांगायला हवं, कारण पुढे जे झालं त्यात मीही होते.

लोक खरंच येऊ लागले. नऊ वाजता एकेक जण फळ्यावरचा कागद घेऊन यायचा, आप्पा वाचायचे, मान डोलवायचे. प्रकृतीची चौकशी व्हायची. कुणी घरचा खरवस आणला, कुणी गुडघ्याला लावायचं तेल. अर्धा तास कसा जायचा कळायचं नाही. आप्पांचा रंग परत येत होता. लवंगेची डबी वरच राहू लागली, कारण चिडण्यासारखं कुणी काही सांगतच नव्हतं.

पाच-सहा आठवडे झाले असतील. चाकणहून त्या कंपनीच्या क्वालिटीवाल्याचा मला फोन आला. "मॅडम, तुमच्या ब्रॅकेटनं आमच्या माणसाचं बोट कापलं. दोन क्रेट परत पाठवलेत परवा. उत्तर नाही आलं तुमचं."

मला काहीच माहीत नव्हतं. मी मामांकडे गेले. त्यांनी ड्रॉवर उघडला. परत आलेल्या मालाबरोबरचं लाल तिकीट त्यात होतं, घडी घालून, विड्याच्या चंचीखाली.

"हे आप्पांना दाखवलं?"

"न्हाई."

"का?"

"अहो मॅडम, माणूस आत्ता कुठं हिंडायलाय. बीपी हाय त्याला. आजारी माणसाला असलं सांगतेत का कुठं?"

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुमाला सांगितलं की त्यांला कळतंय."

मी प्रेसवर गेले. पत्रा कापणारी डाय बोथट झाली की कापाच्या कडेला बारीक काटा उरतो. आमच्याकडे त्याला बर म्हणतात. प्रेसवाला प्रत्येक नग काढून कानशीने तो काटा घासत होता. शेजारी लोखंडाच्या किसाची लहानशी रास झाली होती, म्हणजे हे आजचं नव्हतं.

"किती दिवस?"

"झाले दहा-बारा. घासतोय मी, मॅडम. एखादा सुटला असेल."

"नऊ वाजता तू आप्पांपाशी जातोस ना रोज?"

"जातो की."

"मग?"

तो कानशीकडे बघत राहिला. "बरं वाटत नाही हो. ते विचारतात कसं चाललंय, आपण काय म्हणायचं? डाय गेली? नवी करायला टाका? ते लगेच उठून बघायला येणार. त्यांचा पाय."

वेल्डिंगवरच्या बाईला मी विचारलं तेव्हा कळलं की ती खुर्चीपाशी एकदाही गेली नव्हती. तिला मशीन सोडून जाता येत नव्हतं. "आप्पा दिसतात हितून," ती म्हणाली. "बरे दिसतात आता."

मी वर येऊन बसले. मामांवर रागवावं असं वाटत होतं, पण गेल्याच आठवड्यात आप्पांनी मला विचारलं होतं, "सगळं ठीक ना?" आणि त्या महिन्यात आमच्याच तपासणीत नाकारलेला माल वाढला होता हे माहीत असून मी म्हणाले होते, "एकदम ठीक." ज्या आवाजात म्हणाले तो आवाज मला ओळखीचा होता. दवाखान्यात मोसंबी सोलताना आपण तो काढतो. माझ्या आईच्या शेवटच्या आजारपणात आम्ही भावंडांनी तिला फक्त चांगल्याच गोष्टी सांगितल्या. धाकट्याची नोकरी गेली होती, तरी तो रोज ऑफिसच्या कपड्यांत तिला भेटायला यायचा. एकदा ती म्हणाली, "मला आता घरातलं काही कळतच नाही." आम्हाला वाटलं, औषधांमुळे म्हणते.

आप्पांचंही तेच चाललं होतं. आम्ही सगळे मिळून रोज अर्धा तास त्यांना भेटायला जात होतो. फेरी कधीच बंद पडली होती, आणि त्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं. पट्ट्यावर ठेवलेल्या क्रेटपेक्षा हे वाईट होतं, कारण क्रेट निदान दिसत होता.

दुसऱ्या दिवशी साडेआठला मी ती खुर्ची उचलून जिन्याने वर नेली. जड होती. मामा जिन्याखाली उभे होते.

"मॅडम, मी आजपत्तुर तुमाला उलट बोललो न्हाई."

"आज बोला."

"तुमी लई कडू बाई हायेत."

"बरं," मी म्हणाले. "टेबलफॅन तेवढा तुम्ही आणा."

त्यांनी आणला नाही.

आप्पा नऊला आले. खुर्चीच्या जागी उभे राहिले आणि इकडेतिकडे बघू लागले. प्रेस थांबल्या होत्या. कुणी थांबवायला सांगितल्या नव्हत्या.

"मॅडम, खुर्ची?"

"वर ठेवली."

"का?"

लाल तिकीट माझ्या हातात होतं, ते मी त्यांना दिलं. सगळ्यांसमोर दिलं. एकटीने केबिनमध्ये दिलं असतं तर तेही सांभाळून घेणंच झालं असतं. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. तारीख बघितली. त्यांच्या मानेची शीर मला दिसत होती आणि मी मनात म्हणत होते, काही झालं तर आयुष्यभर मला हे पुरेल.

"कुठल्या प्रेसवर?" त्यांनी विचारलं.

मी दाखवली. खुर्चीच्या जागेपासून ती तीस-बत्तीस पावलांवर होती. ते काठी टेकत निघाले. मामा धावत पुढे झाले, हात द्यायला. आप्पांनी हात घेतला, पण थांबले नाहीत.

प्रेसवाल्याच्या हातात कानस होती. आप्पांनी एक नग उचलला, कडेवरून अंगठा फिरवला आणि झटकन मागे घेतला.

"मला का नाही बोललास?"

"तुमचा गुडघा, आप्पा."

"गुडघा माझा आहे. डायचा त्याच्याशी काय संबंध?" तो म्हणावा तसा आवाज नव्हता, चार वर्षांपूर्वीचा तर मुळीच नाही, पण शेडच्या टोकापर्यंत गेला असावा, कारण वेल्डिंगच्या बाजूने कुणीतरी फिसकन हसलं. मग ते मामांकडे वळले. "आणि तू रे. माझ्यापासून लपवतोस?"

"तुमी जगावं म्हणून," मामा म्हणाले.

आप्पा मामांच्या खांद्यावर हात ठेवून तिथेच उभे राहिले, डाय उतरवेपर्यंत. बराच वेळ लागला. दोघेही म्हातारे, आणि कोण कुणाला धरून उभं होतं ते बाजूने बघणाऱ्याला सांगता आलं नसतं.

संध्याकाळी आप्पांच्या लेकीचा फोन आला. ती हिशेब आणि खरेदी बघते. वरच्या मजल्यावर बसते, पडद्यावर सगळ्या मशीनचे आकडे तिच्यासमोर असतात. हुशार मुलगी. खाली येण्याचं तिला कधी काम पडलं नव्हतं.

"ताई, बाबांना तुम्ही उभं केलंत म्हणे. पाय सुजलाय त्यांचा."

"हो."

"हो काय? डॉक्टरांनी जास्त वेळ उभं राहू नका सांगितलंय."

"चाला म्हणूनही सांगितलंय. मी विचारलंय त्यांना. उद्यापासून रोज एकच मशीन. पण जाताना कुणीतरी हात धरायला हवा. मामा धरतील, पण मामांना कोण धरणार?"

ती म्हणाली, "मी येते."

ती वडिलांचा हात धरायला आली, दुसऱ्या कशालाही नाही. पहिले काही दिवस ती एका हाताने त्यांना धरायची आणि दुसऱ्या हातात फोन बघायची. पण आप्पा आता सावकाश चालत होते आणि एकाच मशीनपाशी वीस-वीस मिनिटं उभे राहत होते. तितका वेळ फोन बघून होत नाही. एका सकाळी तिनं विचारलं, "हे नग तिकडे नेऊन परत इकडेच का आणतात?" आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. पूर्वी मोजमापाचं टेबल तिकडे होतं, ते हलवून दोन वर्षं झाली होती, आणि नग अजून जुन्या वाटेने फिरत होते.

"पडद्यावर दिसत नाही हे," ती म्हणाली.

"पडद्यावर कसं दिसेल?" आप्पा म्हणाले. "पडद्याला पाय आहेत का?"

लेकीचं रोज खाली येणं मला वाटलं होतं तसं एकदम सुरू झालं नाही. कधी ती यायची, कधी तिला मीटिंग असायची. आप्पांना धरायला कोणी नाही म्हणून तिला यावं लागायचं, इतकंच. ते नसते तर ती आली नसती, असं मी बरेच दिवस धरून चालले होते. खरं सांगायचं तर फेरी आप्पांबरोबर संपणार, हे मी मनाशी मान्यही करून टाकलं होतं.

मग आप्पांना ताप आला. चार-पाच दिवस पडून राहा असं सांगितलं होतं. पहिल्या दिवशी नऊला मी खाली उतरले, मामा होते, आणि लेक येणार नाही हे मी गृहीत धरलं होतं. ती माझ्याआधी येऊन स्पॉट वेल्डिंगपाशी उभी होती, कोणाचाही हात न धरता, हात कुठे ठेवायचे ते कळत नसल्यासारखी.

"मॅडम, जरा सरका," ती कमी बोलणारी बाई तिला म्हणत होती. "उजेड अडतोय."

ती सरकली. मग वर बघितलं. "इथे दिवा नाही?"

"होता. गेला."

"सांगितलं नाहीत?"

"दोनदा सांगितलं," बाई म्हणाली, आणि माझ्याकडे बघितलं. खरं होतं. मी लिहून घेतलं होतं आणि राहून गेलं होतं.

"उद्या होईल," लेक म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दिवा लागला नाही. इलेक्ट्रिशियन चाकणला एका शेडवर अडकला होता. नऊ वाजता मी वरून बघत होते, कारण आता ती त्या बाईला टाळून दुसरीकडे जाईल असं मला वाटलं. मीही तेच केलं असतं. केलंच होतं. ती सरळ वेल्डिंगपाशी गेली. मी जिना उतरेपर्यंत तिचं अर्धं बोलणं झालं होतं.

"...आज नाही आला तो. उद्याचंही नक्की सांगत नाही. परवा मी स्वतः त्याला घेऊन येते."

"बरं," बाई म्हणाली. थोड्या वेळाने हातातला नग खाली ठेवून तिनं विचारलं, "एवढंच सांगायला आलात?"

"हो."

"मग परवा चालंल."

हे मी तिला शिकवलेलं नव्हतं. आप्पांनीही नव्हतं. झालेलं काम दाखवायला आम्ही दोघेही जायचो. न झालेलं सांगायला आपण होऊन जाणं आमच्या यादीत नव्हतं.

साडेनऊला आप्पांचा फोन आला. आवाज खोल गेला होता.

"खाली कोणी गेलं का?"

"तुमची लेक गेली. काल पण गेली होती."

"काल पण? घरी काही बोलली नाही." मग, "ओरडली?"

"नाही."

"आईवर गेली," ते म्हणाले, आणि खोकला आला म्हणून थांबले. बाजूने त्यांच्या बायकोचा आवाज आला, फोन ठेवा आता, पडा. "आणि बाकी? सगळं ठीक ना?"

त्या सकाळी मोठ्या प्रेसवरची डाय तडकली होती. चाकणला माल नेणारी गाडी दुपारची होती. त्यांना एकशे दोन ताप होता, मामा माझ्यासमोर उभे होते आणि मान नाही-नाही हलवत होते.

"नाही," मी म्हणाले. "डाय तडकली. दुपारची गाडी चुकणार असं दिसतंय."

पलीकडे पलंग करकरला. ते उठून बसले होते.

"कुठल्या कोपऱ्यातून तडकली?" त्यांनी विचारलं. "मामाला दे बरं फोन."